येसकराची भाकरी आणि पुलमनचा पोर्टर

माझा आजा येसकर होता. पाळी आली की वर्षभर गावाची म्हारकी. चावडीवर राबता, सरकारी टपाल या गावाहून त्या गावाला, पाटील-कुलकर्ण्याच्या घोड्यापुढं पळणं, मेलेलं ढोर ओढणं, मयताचा सांगावा घेऊन भर उन्हात कोसच्या कोस चालणं. दिवस नाही, रात्र नाही. आणि याचा पगार? संध्याकाळी हातात घुंगराची काठी, खांद्यावर घोंगडी अन् टोपली घेऊन दारोदार फिरायचं. ‘येसकराला भाकर वाढा माय’ म्हणून हाळी द्यायची. कुणी ताजी वाढायचं, कुणी शिळी, कुणी नुसती कोर. तीही वरून टाकायची, विटाळ नको म्हणून.

आजी सांगायची, गाव या भाकरीला ‘हक्काची भाकरी’ म्हणायचं. आमची माणसंही तसंच म्हणायची. बावन्न हक्कांची सनद म्हणे बेदरच्या बादशहानं दिलेली. मी तेव्हा लहान होतो. विचारलं, ‘आजी, हक्काची होती तर मागावी का लागायची?’ आजी गप्प बसली. मग म्हणाली, ‘मागितली न्हाई तर कोन वाढतंय, लेकरा?’

पुढं कॉलेजात असताना मी मुंबईत एका हॉटेलात वेटरचं काम केलं. पहिल्या दिवशी मालकाला पगार विचारला. त्यानं आकडा सांगितला. माझं तोंड पाहून म्हणाला, ‘अरे, वरची मिळते की! गिऱ्हाईकाला खूश ठेव, बस्स.’ महिनाभरात माझी नजर बदलली. गिऱ्हाईक उठलं की डोळे आधी बडीशेपेच्या ताटलीवर. कोण सुटे ठेवून जाईल, कोण मोजून उचलेल, हे माणूस दारातून आत येतानाच कळायला लागलं. एकदा माझ्याच वयाच्या चार पोरांनी एक नाणं अर्ध्या पाण्याच्या ग्लासात टाकलं आणि हसत निघून गेली. मी हात घालून ते काढलं, पुसलं, खिशात टाकलं. त्या रात्री मला आजाची टोपली दिसली.

मित्रांनो, ‘वरची मिळते की’ हे वाक्य माझ्या एका मालकाचं नाही. त्याला इतिहास आहे. आणि त्या इतिहासाचं सगळ्यात मोठं प्रकरण लिहिलं गेलं ते अमेरिकेत, काळ्या माणसांच्या पाठीवर. आपण पँथर म्हणून ज्यांच्याशी नातं सांगितलं, त्यांच्याच आज्या-पणज्यांची ही गोष्ट आहे. ती आपल्याला माहीत पाहिजे, कारण ती आपलीच आहे.

* * *

टीप ही मुळात सरंजामी चीज. युरोपात बड्या जमीनदारांच्या वाड्यावर पाहुणे यायचे, राहायचे, जाताना तिथल्या नोकरांच्या हातावर नाणी ठेवायचे. देणारा वर, घेणारा खाली. आपल्याकडं दिवाळीची पोस्त देतात तसंच. पोस्त घेणारा कधी पोस्त देणाऱ्याच्या पंगतीला बसला आहे काय?

एकोणिसाव्या शतकात पैसेवाले अमेरिकन युरोपात हिंडायला जाऊ लागले आणि ही चाल घेऊन परत आले. सुरुवातीला तिथल्या पुष्कळ लोकांना ती आवडली नाही. आम्ही राजाला हाकललं, मग सरदारांच्या या सवयी कशाला, असं ते म्हणत. तरीही चाल रुजली. का रुजली? तर जमीन तयार होती म्हणून.

१८६५ साली अमेरिकेत गुलामी कायद्यानं संपली. जवळपास चाळीस लाख काळी माणसं मोकळी झाली. मोकळी म्हणजे कशी? हातात जमीन नाही, भांडवल नाही, अक्षर नाही. गुलामीत असताना अक्षर शिकवणंच दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत गुन्हा होता. शूद्राच्या कानात शिसं ओतणारे फक्त इथंच जन्मले नाहीत. मोकळ्या झालेल्या या माणसांना हॉटेलांनी, खाणावळींनी, रेल्वेनं कामावर घेतलं. पण ज्याचं काम काल फुकट मिळत होतं, त्याला आज पुरा पगार द्यायचा हे मालकाच्या जिवावर येत होतं. मग त्यानं टीप नावाची पळवाट धरली. मी थोडं देतो, कुठं कुठं काहीच देत नाही. बाकीचं गिऱ्हाईकाकडून घे.

१९०२ साली जॉन स्पीड नावाच्या एका गोऱ्या पत्रकारानं या चालीबद्दल लिहिलं. त्याच्या म्हणण्याचा मतलब असा: काळ्यांनी टीप घ्यावी हे बरोबरच, त्यांच्याकडून तेच अपेक्षित आहे, ती त्यांच्या हलकेपणाची खूण आहे, पण गोऱ्या माणसाच्या हातावर पैसे ठेवताना मात्र मला लाज वाटली. इतकी उघडी कबुली दुसरी कुठली पाहिजे? म्हंजे टीप हा नुसता पैसा नाही. ती पायरी आहे. कोण कुठल्या पायरीवर उभा, हे दाखवण्याची ती रीत आहे. मनूला हे वाक्य वाचून आनंद झाला असता.

* * *

आता पुलमनकडं येऊ. जॉर्ज पुलमन नावाच्या माणसानं १८६७ साली कंपनी काढली. रेल्वेला जोडायचे झोपण्याचे डबे. गालिचे, मखमल, पितळी दिवे. मध्यमवर्गातल्या गोऱ्या माणसानं तिकीट काढावं आणि एका रात्रीसाठी जमीनदार व्हावं, हा सगळा धंदा. पण जमीनदार व्हायचं तर नुसता गालिचा पुरत नाही, हाकेला ‘जी’ म्हणणारा चाकर लागतो. पुलमननं तो चाकर नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या माणसांमधून निवडला. हाच पुलमनचा पोर्टर. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कंपनीत दहा हजारांवर काळे पोर्टर होते. साऱ्या अमेरिकेत इतक्या काळ्या माणसांना काम देणारा दुसरा खाजगी मालक नव्हता.

काम काय? सामान चढवायचं, बिछाने घालायचे, बूट पॉलिश करायचे, रात्री बेल वाजली की पळायचं, पहाटे ज्याला जिथं उतरायचं तिथं त्याला उठवायचं. पगार पुरा पाहिजे तर महिन्याला चारशे तास भरा, नाहीतर अकरा हजार मैल पुरे करा. गाडी सुटण्याआधी डबा तयार करण्यात जे तास जात ते हिशेबात धरत नसत. रात्रीची झोप तीन-चार तास. जेवण स्वतःच्या पैशानं. प्रवाशाच्या बुटाला लावायचं पॉलिशसुद्धा स्वतःच्या पैशानं. एखाद्या प्रवाशानं टॉवेल पळवला तर त्याचे पैसेही पोर्टरच्या पगारातून.

आणि नाव? नाव नाही. प्रवासी सगळ्या पोर्टरांना ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारत. का? तर मालक जॉर्ज पुलमन. गुलामाला मालकाच्या नावानं ओळखायची जुनी रीत, तीच रुळावरून पुढं धावत राहिली. घरी ज्याला लेकरंबाळं बाप म्हणतात, चर्चमध्ये ज्याला लोक मान देतात, तो डब्यात पाय ठेवला की जॉर्ज. आपल्या आज्यांना म्हाताऱ्या वयातही गावातलं शेंबडं पोर ‘अरे म्हाद्या’ म्हणून हाकारायचं, आठवतं का?

१९१५ साली अमेरिकी सरकारनं नेमलेल्या औद्योगिक संबंध आयोगापुढं पुलमनचा हिशेब उघडा पडला. पोर्टरचा पगार महिन्याला साडेसत्तावीस डॉलर. एवढ्यात घर चालत नाही हे सगळ्यांनाच मान्य होतं. बाकीचं टीपमधून येतं, हे कंपनी लपवतही नव्हती. कंपनीची बाजू मांडायला साक्षीला कोण आलं होतं? रॉबर्ट लिंकन. अब्राहम लिंकनचा मुलगा. हा पुलमन कंपनीचा अनेक वर्षं अध्यक्ष होता. बापानं गुलाम मुक्त केल्याच्या जाहीरनाम्यावर सही केली, आणि मुक्त झालेल्यांच्या पोरांना अर्ध्या पोटी ठेवणाऱ्या कंपनीच्या खुर्चीवर लेक बसला. इतिहास कधी कधी असा तोंडावर थुंकतो.

त्याच १९१५ साली आपला बाप न्यूयॉर्कला होता. १९१३ ते १९१६ बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. काळ्यांचं हार्लेम विद्यापीठाच्या शेजारीच वाढत होतं.

आता या टीपचा हिशेब नीट समजून घ्या. प्रवासी पोर्टरच्या हातावर पाव डॉलर ठेवतो. दिसतं असं की पैसा पोर्टरला मिळाला. पण मालक त्या पाव डॉलरचा विचार आधीच करून बसलेला असतो. टीप मिळते म्हणून तो पगार तेवढ्यानं कमी ठेवतो. म्हणजे प्रवाशाचा पैसा पोर्टरच्या हाताला लागून शेवटी मालकाच्या गल्ल्यात जातो. प्रवाशाला वाटतं मी दानशूर. मालकाला फुकटात चाकर. आणि पोर्टर? त्यानं दोघांचेही आभार मानायचे. मालकाचे नोकरीसाठी, प्रवाशाचे पाव डॉलरसाठी. एका कामासाठी दोन ठिकाणी वाकायचं.

येसकराचं गणित याहून वेगळं होतं काय? काम सरकारचं आणि गावाचं. सरकार म्हणायचं, बलुतं गाव देतं. गाव म्हणायचं, जमीन सरकारनं दिली आहे. दोघांच्या मध्ये येसकर टोपली घेऊन उभा.

* * *

टीप वाईट, असं म्हणणारे गोरेही होते. १९१६ साली विल्यम स्कॉट नावाच्या लेखकानं या चालीविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. लोकशाहीत एका नागरिकानं दुसऱ्यापुढं हात पसरायचा नसतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्याही आधी १९०९ साली वॉशिंग्टन राज्यानं टीपबंदीचा कायदा केला होता. मागोमाग मिसिसिपी, आर्कान्सा, आयोवा, साऊथ कॅरोलिना, टेनेसी. १९२६ पर्यंत हे सगळे कायदे गुंडाळले गेले.

का गुंडाळले गेले? मालकांचा विरोध होता, तो तर होताच. पण खोट कायद्यातच होती. या कायद्यांनी टीप बंद केली, पगार किती द्यायचा ते मात्र मालकावर सोडलं. म्हणजे पसरलेला हात कापायचा, पण त्या हाताला काय द्यायचं ते बोलायचं नाही. आपल्याकडंही असे सुधारक कमी नव्हते. म्हारांनी भाकरी मागू नये, मेलेलं मांस खाऊ नये, स्वच्छ राहावं. ठीक आहे. पण मग खावं काय? १९२७ च्या महाडनंतर आपल्या माणसांनी ठिकठिकाणी ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हा गावानं वाळीत टाकलं, दळण बंद, दुकान बंद. लाचारी सोडायची तर तिच्या जागी हक्काचा पैसा उभा करावा लागतो. हे ज्यांच्या पोटाला कळतं तेच लढा नीट मांडतात.

पोर्टरांनी तो मांडला.

* * *

२५ ऑगस्ट १९२५. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये रात्री एक सभा भरली आणि पोर्टरांची युनियन स्थापन झाली. ब्रदरहुड ऑफ स्लीपिंग कार पोर्टर्स. पुढारी आसा फिलिप रँडॉल्फ. हा गडी स्वतः पोर्टर नव्हता. ‘द मेसेंजर’ नावाचं एक मासिक चालवायचा. आपण इथं स्टेन्सिल कापतो, शाईनं हात काळे करतो, त्याच जातीचा माणूस. पोर्टरांनी त्यालाच का धरलं? तर जो कंपनीच्या नोकरीत नाही त्याला कंपनी काढू शकत नाही. हिशेब साधा आणि पक्का.

काळ्यांची वेगळी युनियन कशाला, असं विचारणारे तेव्हाही होते. त्यांच्यासाठी एक तारीख सांगतो. १८९४ साली पुलमनच्या कारखान्यातल्या गोऱ्या कामगारांनी मोठा संप केला. त्यांच्या मागं उभी राहिलेली अमेरिकन रेल्वे युनियन मात्र काळ्यांना सभासद करून घेत नव्हती. पुढारी युजीन डेब्ज यानं या बंदीला विरोध केला, पण प्रतिनिधींनी त्याचं ऐकलं नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणखात्यात घेत नसत, कारण धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि आमची थुंकी बाटलेली. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला. जगातल्या कामगारांनो एक व्हा, पण विणखात्याच्या दाराशी थांबा?

ब्रदरहुडची मागणी काय होती? महिन्याला चारशे नाही, दोनशे चाळीस तास. तयारीच्या तासांचा पैसा. माणसाला त्याच्या नावानं हाक. आणि मूळ मागणी ही की जगता येईल एवढा पगार कंपनीनं द्यावा, टीपवर जगायला लावू नये. १९२७ साली युनियन थेट आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडं गेली. पुलमनचे दर आणि ही टीपची पद्धत तपासा म्हणाली. १९२८ साली आयोगानं हात वर केले, हे आमच्या अखत्यारीत नाही म्हणून.

कंपनी गप्प बसली नव्हती. माणसं काढली. हेर लावले. आपल्या पैशावर चालणारी खिशातली युनियन उभी केली. काळ्यांना धाक बसावा म्हणून काही डब्यांवर फिलिपिनो माणसं आणली. एक उपाशी दुसऱ्या उपाशावर सोडायचा, हा डाव सगळ्या मालकांना ठाऊक असतो. १९२८ साली संपाची हाक दिली आणि शेवटच्या घटकेला ती मागं घ्यावी लागली. त्यानंतर सभासद झरझर गळाले. पुष्कळांनी रँडॉल्फ संपला म्हणून सांगून टाकलं. पण ‘लढा, नाहीतर गुलाम राहा’ हे ब्रीद घेतलेली थोडकी माणसं टिकून राहिली. नोकरी जाईल म्हणून नवऱ्यांना उघड सभेला जाता यायचं नाही, तिथं त्यांच्या बायका जायच्या. रोझिना टकर ही एका पोर्टरची बायको. वॉशिंग्टनमध्ये ती वर्गणी जमवायची, निरोप पोचवायची. या लढ्यात चुलीपुढच्या बाया नसत्या तर युनियन नसती. आपल्या पुढाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

२५ ऑगस्ट १९३७. बरोबर बारा वर्षांनी त्याच तारखेला पुलमन कंपनीनं करारावर सही केली. महिन्याला दोनशे चाळीस तास. पगारात वाढ. काळ्या कामगारांच्या युनियननं एवढ्या मोठ्या कंपनीकडून पहिल्यांदाच करार मिळवला. पुढं १९५५ साली माँटगोमेरी गावात रोझा पार्क्सला अटक झाली, तेव्हा तिला सोडवायला धावणारा आणि बसवरचा बहिष्कार उभा करणारा इ. डी. निक्सन हा पुलमनचाच पोर्टर होता. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचा म्होरक्या होता म्हातारा रँडॉल्फ. ज्याला जॉर्ज म्हणून हाकारत, तो आपलं नाव परत घेतो तेव्हा तिथंच थांबत नाही.

* * *

आता तारखा जुळवून पाहा. ब्रदरहुड उभी राहिली १९२५ साली. आणि १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी महार वतनाचं बिल मांडलं. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं.

आपल्यापैकी किती जणांनी ते बिल नीट वाचलं आहे? चवदार तळं आपल्याला पाठ आहे, मनुस्मृतीचं दहन पाठ आहे. बिल पाठ नाही. त्यातली मूळ गोष्ट काय होती? बलुतं दारोदार फिरून मागायचं नाही. त्याची रोखीत किंमत ठरवा, शेतसाऱ्याबरोबर ती वसूल करा आणि सरकारच्या हातून महाराला द्या. ज्याला ही चाकरी नको, त्याला पुरा सारा भरून जमीन ठेवू द्या आणि चाकरीतून मोकळा करा. कामं कोणती तीही ठरवून द्या, वाटेल त्यानं वाटेल तेव्हा राबवायचं नाही.

म्हणजे पोर्टर जे कंपनीला म्हणत होते तेच. आम्ही काम करतो. कामाचा मोबदला ठरवा. ज्याचं काम त्यानं तो द्यावा. आम्हाला दाराशी उभं करू नका. दोन समुद्रांपलीकडची दोन माणसं, एकमेकांना न विचारता, तीन वर्षांच्या अंतरानं एकच गोष्ट बोलत होती. कारण रोग एकच होता.

बिलाला विरोध झाला आणि १९२९ साली बाबासाहेबांना ते मागं घ्यावं लागलं. विरोध फक्त वरच्यांचा नव्हता. आपल्यातल्याही काहींना भीती वाटत होती. वतन गेलं, भाकरी गेली तर काय? बापजाद्यांचा हक्क कसा सोडायचा? ही भीती खोटी नव्हती. पोर्टरांमध्येही असे होते. टीपवर काहींनी घरं बांधली, पोरं कॉलेजात घातली. त्यांना वाटायचं, पगार मागायच्या नादात वरची जायची. त्यांना मूर्ख म्हणू नका. ज्याच्या टोपलीत आज भाकरी पडली त्याला उद्याचा पगार दिसत नाही. पण बाबासाहेबांनी ओळखलं होतं की वतनाची ती कोरभर भाकरीच महाराला गावाच्या दाराशी बांधून ठेवते, त्याची उमेद मारते. कनिष्ठ गाव-वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. बाबासाहेब तोवर गेले होते.

पण एक गोष्ट ते करून गेले. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली त्यांनी किमान वेतनाचं बिल मांडलं. त्याचा १९४८ साली कायदा झाला. त्याच १९४६ साली त्यांनी अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिलं. काळे आपलं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांपुढं मांडताहेत, त्याची प्रत त्यांना हवी होती. द्यु बॉइसनी उत्तरही दिलं. म्हणजे नातं आपण १९७२ साली पँथर काढली तेव्हा जोडलं नाही. बापानं आधीच जोडून ठेवलं होतं.

* * *

मग अमेरिकेत टीपचा प्रश्न सुटला? नाही. इथं गोष्ट संपत नाही, म्हणून तर लिहायला बसलो.

१९३८ साली रूझवेल्टच्या सरकारनं किमान वेतनाचा कायदा केला. तासाला पंचवीस सेंट. पण शेतमजूर वगळले, घरकामाच्या बाया वगळल्या, हॉटेल-खाणावळीतले बहुतेक कामगार बाहेर राहिले. म्हणजे काळे जिथं सगळ्यात जास्त होते ती कामंच बाहेर. कायद्यात कुठं ‘काळा’ हा शब्द नाही. लागत नाही. आपल्याकडं झाडूकामाच्या जाहिरातीत जात लिहावी लागते का?

स्टेशनवरच्या लाल टोपीवाल्या हमालांचं उदाहरण घ्या. १९३८ पर्यंत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल स्टेशनवर या हमालांना पगार असा नव्हताच, नुसती टीप. कायदा आला तेव्हा कंपनीनं शक्कल काढली. रोज किती टीप मिळाली ते आम्हाला सांगा, ती तुमच्या पगारात धरू. किमान वेतनाला कमी पडलं तर तेवढंच आम्ही भरू. हमाल कोर्टात गेले. १९४२ साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिला: कंपनी बरोबर. म्हणजे प्रवाशानं हमालाला प्रेमानं दिलेला पैसा कंपनीनं आपला पगार म्हणून दाखवला तरी चालतो. ‘वरची मिळते की’ या मालकाच्या वाक्यावर देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टाचा शिक्का बसला.

१९६६ साली हॉटेल कामगार किमान वेतनाच्या कायद्यात आले. पण दार उघडताना उंबरा घातला. किमान वेतनाचा निम्म्यापर्यंतचा भाग टीपमधून धरायची मालकाला मुभा. १९९१ साली मालकानं स्वतःच्या खिशातून द्यायची रक्कम तासाला दोन डॉलर तेरा सेंट झाली. १९९६ साली किमान वेतन वाढवताना ही रक्कम त्याच्यापासून तोडली आणि जागच्या जागी गोठवली. किमान वेतन २००९ साली सव्वासात डॉलरवर गेलं. दोन डॉलर तेरा सेंट मात्र २०२५ सालीही दोन डॉलर तेरा सेंटच. टीप धरून किमान वेतन भरत नसेल तर उरलेले मालकानं द्यायचे, असं कायद्यात आहे. पण आज टेबलं कमी मिळाली म्हणून मालकाकडं फरक मागायला गेलेल्या पोरीला उद्या टेबलं किती मिळतात, ते तिलाच विचारा.

१९९६ च्या सुमाराला हॉटेलमालकांच्या राष्ट्रीय संघटनेची बाजू लढवणारा बिनीचा माणूस हर्मन केन. स्वतः काळा. आपला माणूस वर गेला की आपलं भलं होतं, असं समजणाऱ्यांनी हे नाव वहीत लिहून ठेवावं. माणूस कुठून आला यापेक्षा तो कुणाच्या बाजूनं बोलतो ते पाहायचं.

टीपवर जगणाऱ्या तिथल्या वेटरांत दोन तृतीयांशाच्या आसपास बाया आहेत. पगार गिऱ्हाईकाच्या हातात असला की काय होतं, ते बाईला जास्त कळतं. अंगचटीला येणाऱ्याकडं पाहूनही तिला हसावं लागतं, कारण त्याच्या खिशात तिच्या खोलीचं भाडं असतं. सगळी राज्यं अशी नाहीत. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ऑरेगन, नेवाडा, माँटाना, मिनेसोटा, अलास्का या सात राज्यांत वेटरलाही पुरं किमान वेतन मालकानंच द्यायचं, टीप वेगळी. तिथली हॉटेलं काही बंद पडली नाहीत. आणि २०२५ साली वॉशिंग्टनच्या सरकारनं काय केलं? टीपवरच्या आयकरात सूट दिली. ऐकायला गोड आहे. पण मालकाचे दोन डॉलर तेरा सेंट जागचे हलले नाहीत. टोपलीवरचा कर माफ केला, टोपली हातातच ठेवली.

* * *

आता आपल्या दारात या. रात्री अकरा वाजता पाठीवर पेटी बांधून पावसात गाडी हाकणारा पोरगा तुमच्या चाळीत, तुमच्या वस्तीत आहे. त्याला कंपनी कामगार म्हणत नाही, भागीदार म्हणते. गिऱ्हाईकाच्या फोनवर त्याच्या नावापुढं टीपचं बटण असतं, शेजारी तारे. वाटलं तर दाबा. त्यानं हसून ‘थँक्यू सर’ म्हणायचं. घुंगराची काठी तेवढी नाही.

काही कार्यकर्ते विचारतील, मग टीप द्यायची नाही काय? द्या. अवश्य द्या. ज्याचं पोट तिच्यावर आहे, त्याच्यासमोर तत्त्व सांगून खिसा मिटून घेऊ नका. असल्या तत्त्वानं मालकाचं काही जात नाही, त्या पोराचं रात्रीचं जेवण जातं. पण देऊन झालं की दोन मिनिटं थांबून विचारा: पगार किती? तास किती? अपघात झाला तर कोण बघतं? नावानिशी लिहून घ्या. दहा जण जमले की बैठक बोलवा. पोर्टरांची बारा वर्षांची लढाई अशाच बैठकांतून उभी राहिली.

आजीला मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला इतक्या वर्षांनी सापडलं. जे मागावं लागतं तो हक्क नसतो, त्याला हक्काचं नुसतं नाव दिलेलं असतं. हक्क ठरलेला असतो, कागदावर असतो, देणाऱ्याच्या मर्जीवर नसतो. तो घेताना मान खाली घालावी लागत नाही.

आजा गेला. त्याची टोपली चुलीत गेली, आजीनंच घातली. तसल्या टोपल्या अजून पुष्कळ शिल्लक आहेत. जिथं दिसतील तिथं विचारा, ही कुणी धरायला लावली?

जयभीम.